भाऊजींच्या मोटारसायकलचं तिसरं हँडल

आखूड हातांच्या बंधूंनो आणि भगिनींनो,

ज्यांच्या शर्टाच्या बाह्या कायम बोटांवर उतरतात, ज्यांना बसमधला वरचा दांडा धरताना टाचा उचलाव्या लागतात, ज्यांना माळ्यावरचा डबा काढायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, अशा तुम्हा-आम्हा सगळ्यांवर एकच अन्याय झालेला आहे. कुठल्यातरी कारखान्यात, कुठल्यातरी टेबलाभोवती बसून चार जणांनी एक 'सरासरी माणूस' ठरवला आणि त्याच्या हातांच्या लांबीवर जगातली यच्चयावत हँडलं वाकवली. मी विचारतो, पाहिलाय कुणी हा सरासरी माणूस? कुणाच्या ओळखीचा आहे? कुणाच्या आतेभावाचा मित्र तरी? नाही! तो अस्तित्वातच नाही. आणि या नसलेल्या माणसाच्या सोयीसाठी आपण, असलेली माणसं, जन्मभर पुढे ओणवून गाडी चालवत आलो, मान आखडून घेतली, खांदे झिजवून घेतले, आणि शेवटी दोष कुणाला दिला? स्वतःच्या वयाला!

(भाऊजी, दचकू नका, पत्र तुम्हालाच आहे. कागद पुढे ओढला की मला समोर खुर्च्या मांडलेल्या दिसायला लागतात, त्याला माझा इलाज नाही. सुरुवात सभेला उद्देशून झाली असली, तरी पहिल्या रांगेत तुम्ही एकटेच बसलेले आहात. पत्र ताईला दाखवू नका.)

तर तीर्थरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. तुम्हाला सध्या हात जोडायला त्रास होतो असं कळलं, म्हणून तुमच्या वाटचा नमस्कारही मीच इकडून करून टाकतो. फिटंफाट झाली असं समजा. इकडे सर्व ठीक. आमच्या हिचं शिवणाचं मशीन दिवसभर चालतं आणि माझं तोंड. तुमचा उजवा खांदा कसा आहे? केस विंचरता येतात की अजून ताईच भांग पाडते? (ती पाडत असेल, तर भांग डाव्या बाजूला गेला असणार. माझाही लहानपणी तिने डावीकडेच नेला होता. तिच्या मते त्यामुळे मुलगा हुशार दिसतो.) डॉक्टर काय म्हणाले ते मला शब्दशः ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो. ते म्हणाले, हात छातीच्या वर न्यायचा नाही. एवढंच म्हणाले. 'गाडी बंद' हे त्यांनी म्हटलेलं नाही. ते तुम्ही घरी येताना रिक्षात स्वतःचं स्वतः जोडलंत, आणि आठवड्याच्या आत मोटारसायकल माझ्या दारात उभी करवून 'चांगलं गिऱ्हाईक बघून विकून टाक' असा निरोप दिलात. त्यानंतर तुम्ही दोनदा विचारलंत, अजून विकली का नाही. त्याचा हा खुलासा. जरा लांबेल. उशी पाठीशी घ्या.

गिऱ्हाईक पहिल्याच आठवड्यात मिळालं होतं. आमच्या कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून बघून त्या माणसाला मोकळं क्षितिज बघण्याची ओढ लागलेली आहे, आणि ती मला समजते. ते आले, गाडीभोवती फिरले, टाकीच्या रंगावर बोट फिरवून 'वा' म्हणाले, बसले, आणि हँडल धरायला एवढे पुढे झुकले की मला वाटलं गाडीच्याही तोंडात काही दिसतंय का ते बघताहेत. 'फारच लांब आहे हो,' म्हणाले. 'हँडल तेवढं बदला, मग मी घेतो.' आता तुम्ही म्हणाल, हँडल बदलणं म्हणजे काय मोठी गोष्ट! भाऊजी, हँडल बदलणं हे पुढाऱ्याने पक्ष बदलण्यासारखं आहे. तो एकटा जात नाही. त्याच्यामागे क्लचची केबल, ब्रेकची नळी, दिव्यांच्या तारा, आरसे, बटणं, अशी सगळी मंडळी ओढत न्यावी लागतात. त्यांतलं निम्मं तिकडे पोचायला अपुरं पडतं आणि उरलेलं विनाकारण लोंबतं.

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकला सगळे प्रोफेसर म्हणतात, कारण तो पंक्चर काढतानाही प्रस्तावना करतो. (आम्हा दोघांचं पटत नाही. एका रस्त्याला एकच वक्ता पुरेसा असतो.) प्रोफेसरचा सिद्धांत असा, की हँडल डोळ्यांनी निवडायचंच नसतं. गाडी सरळ उभी करायची, तिच्यावर बसायचं, डोळे मिटायचे, अंग सोडायचं आणि हात आपोआप जिथे जाऊन थांबतील तिथे हँडल. मला हे तत्त्वज्ञान आवडलं. मी आजवर एवढी पुस्तकं वाचली, प्रत्येक विचारवंत माणसाच्या डोक्याविषयी लिहितो. माणसाच्या मनगटाला काय हवं असतं, हे त्यातल्या एकानेही विचारलेलं नाही. मी बसलो. डोळे मिटले. प्रोफेसर स्टूल आणि खडू घेऊन शेजारी उभा राहिला.

आणि भाऊजी, मी तिथे नव्हतोच. डोळे मिटताक्षणी धुकं आलं. ती सकाळ आठवते तुम्हाला? माझं पहिलं भाषण होतं, बस चुकली होती, आणि तुम्ही एक शब्द न बोलता गाडी बाहेर काढलीत. रस्ता दिसत नव्हता. दोन्ही बाजूंची झाडं दुधात बुडवल्यासारखी. मधूनच एखादं कुंपण पोहत जवळ यायचं आणि मागे निघून जायचं. गाडीचा तो खोल, संथ ठोका, जणू खूप मोठं जनावर झोपेत श्वास घेतंय आणि आपण त्याच्या पाठीवरून चाललोय. मी मागे बसून तुमच्या पाठीला अख्खं भाषण म्हणून दाखवत होतो. शोषण, समता, उठा, जागे व्हा. तुम्ही मध्येच मान किंचित वळवून म्हणालात, 'हळू बोल रे भोंग्या, इंजिनाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाहीये.' तेव्हापासून मी तुमच्यासाठी भोंगाच राहिलो. पण त्या दिवशी धुक्यातून सभेचं मैदान हळूहळू वर आलं, खुर्च्या आल्या, माणसं आली, मी बोलायला उभा राहिलो आणि...

'झालं!' असं प्रोफेसर ओरडला. मी डोळे उघडले. माझे दोन्ही हात कानांच्याही वर होते, मुठी आवळलेल्या, आणि प्रोफेसर स्टुलावर चढून भिंतीवर खुणा करत होता.

'अहो, एवढं वर?'

'हातांनी सांगितलं. मी कोण मध्ये बोलणारा?'

अशा रीतीने पहिलं हँडल आलं. हत्तीचे सुळे उलटे लावावेत तसं. जुन्या केबली अर्ध्या वाटेत संपल्या, म्हणून नव्या लांब केबली आल्या, ब्रेकची नळीही लांब आली. मी ते धरून निघालो आणि पहिल्याच चौकात माझ्या लक्षात आलं की मी भर रस्त्यात, भर उजेडात, दोन्ही हात वर करून चाललेलो आहे. वारा एका बाहीतून शिरून दुसऱ्या बाहीतून बाहेर पडत होता. फूटपाथवरच्या एका आजीबाईंनी आशीर्वादाला हात वर केला. सिग्नलवरचा हवालदार जवळ आला, मला वरून खाली बघून म्हणाला, 'शरण आलात ते कुणाला, काका? मी तर अजून थांबा म्हटलेलं नाही.' आयुष्यभर कुणाला शरण न गेलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं! त्याच संध्याकाळी वाचनालयात माझं व्याख्यान होतं. हातांतलं रक्त खांद्यांत उतरलेलं, बोटांना मुंग्या. हात टेबलाखाली मांडीवर ठेवून मी बोललो. तुम्हाला माहीत आहे, हातांशिवाय मी म्हणजे पंखांशिवाय पंखा. मला वाक्यंच सुचेनात. व्याख्यान निम्म्या वेळात आटोपलं आणि अध्यक्ष माझी पाठ थोपटून म्हणाले, 'आज फार रंगलं.' मी दुसऱ्या दिवशी ते हँडल काढायला लावलं.

प्रोफेसर म्हणाला, 'मग आपण दुसऱ्या टोकाला जाऊ.' दुसरं हँडल म्हणजे एक सरळ, बुटका दांडा. धोब्याच्या काठीसारखा. त्यावर बसलं की हनुवटी थेट टाकीवर. मी प्रोफेसरला सांगितलं, मी कुणापुढे वाकत नाही. तो म्हणाला, 'वाऱ्यापुढे वाका, त्यात अपमान नसतो.' (हे वाक्य चांगलं आहे. मी पुढच्या भाषणात घेणार आहे, पण त्याला सांगायचं नाही.) वाकलो. सरळ रस्त्यावर खरंच छान वाटलं हो, खोटं कशाला बोलू! वारा डोक्यावरून निघून जायचा, मी मात्र त्याच्याखालून चोरट्या मांजरासारखा. पण जग सरळ नाही. आमच्या गल्लीत वळायला गेलो तर हँडलवरची बटणांची डबी टाकीवर आपटली, माझा अंगठा दोघांच्या मध्ये सापडला, आणि वळण अपुरं राहून मी तसाच सरळ इस्त्रीवाल्याच्या दुकानात शिरलो. तो घडी घालत होता. त्याने घडी पूर्ण केली आणि मगच विचारलं, 'फक्त इस्त्री की धुवायचीपण आहे?' (टाकीला टिचकीएवढा पोचा आला आहे. उजेडात दिसत नाही. अंधारातही दिसत नाही. फक्त तुम्हाला दिसेल.) दातांचे डॉक्टर बघायला आले, बसले, टाकीवर हनुवटी टेकवून क्षणभर विचार केला आणि म्हणाले, 'हे हँडल असू द्या. एखादा खड्डा आला की गिऱ्हाईक सरळ माझ्या खुर्चीत.' पण स्वतःसाठी नको म्हणाले.

इथपर्यंत भाऊजी, मी तुमची गाडी विकण्यासाठी प्रामाणिकपणे झटत होतो. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. (माझा पोचतो.)

मग ताईचा फोन आला. गाडी विकलीस का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, झाल्यातच जमा आहे. ती 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, 'अरे, आमच्या रस्त्यावरून गाडी गेली की हे पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे ना, कोणती आहे, किती जुनी आहे, मालक ऑइल बदलत नाही मेला. माझं डोकं उठायचं. हल्ली काही बोलत नाहीत. काल मीच मुद्दाम विचारलं, ही कुठली हो गेली? तर म्हणाले, असेल कुठलीतरी.'

असेल कुठलीतरी!

भाऊजी, मी कितीतरी सभा गाजवल्या, मोर्चांपुढे चाललो, पण एवढी निराश घोषणा मी अजून ऐकलेली नाही. ज्या माणसाने दोन रस्त्यांपलीकडून आवाजावरून सांगितलं होतं की त्या दूधवाल्याच्या गाडीची साखळी सैल आहे, आणि जो चहा टाकून त्याला थांबवायला धावला होता, त्याला आज 'कुठलीतरी' चालते? मी त्या दिवशी जेवलो नाही. (चार वाजता थोडं खाल्लं.)

दुसऱ्या दिवशी तुमचं जुनं चामड्याचं जॅकेट आमच्याकडे आलं, चेन दुरुस्तीला. ते तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. आमच्या हिने ते मशीनवर न ठेवता मांडीवर पसरलं आणि बराच वेळ बघत राहिली. कोपरांवर कायमच्या चुण्या पडल्या आहेत त्याच्या. रिकाम्या बाह्यासुद्धा पुढे झुकलेल्या, जणू आत हात असतील आणि ते काहीतरी लांबचं धरायचा प्रयत्न करत असतील. ती म्हणाली, 'तुम्ही दोन हँडलं आणलीत. पहिलं तुमच्या हातांचं, दुसरं त्या प्रोफेसरच्या डोक्याचं. गाडी कुणाची आहे?' मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरांची होणार आहे. 'तेव्हाचं तेव्हा,' म्हणाली आणि टेप काढली.

त्या संध्याकाळी मी एका सभेहून परतलो. उजेड जात होता, दिवे अजून लागले नव्हते. ती वेळ, जेव्हा घरातल्या वस्तू आपापल्या जागेवरून जराशा सुटतात. मी फाटक उघडलं आणि पोर्चमध्ये गाडीवर तुम्ही बसला होतात. ताठ नव्हे, तुमचे ते थोडे उतरते खांदे. तोंड रस्त्याकडे. हात शांतपणे हँडलवर. मी म्हटलं, 'कधी आलात भाऊजी?' आणि उत्तराची वाट न बघता (सवय!) पायरीवर बसून बोलायला लागलो. काय काय बोललो. की मला गाडी विकायची नाहीये. की मी प्रत्येक नव्या हँडलला काहीतरी खोट काढली, ती गाडी दारात राहावी म्हणून. की माझं पहिलं भाषण तुमच्या पाठीने ऐकलं आणि त्यानंतर तसा श्रोता मला मिळालेला नाही. मी पुष्कळ वेळ बोललो आणि तुम्ही एकदाही 'हळू बोल रे भोंग्या' म्हणाला नाहीत. तेव्हा मात्र मला शंका आली. इतक्यात हिने आतून दिवा लावला. तुमचं जॅकेट होतं. आत आमच्या दिवाणावरच्या उश्या, कंबरेला साडीचा पट्टा बांधलेला, आणि बाह्यांच्या टोकांना माझे हिवाळ्यातले हातमोजे.

'झालं भाषण?' ही म्हणाली. 'आता ती उजवी बाही धरा. त्यांचा हात एवढाच वर येतो, याच्या पुढे नाही.' मी विचारलं, तुला कसं माहीत? 'शिवणारीला माहीत असतं,' म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. दातांत चार टाचण्या आणि हातात सुई धरलेल्या बाईशी वाद घालू नये.

तिसरं हँडल त्या बाह्यांच्या मापाने आलं. मागे वळलेलं, शेळीच्या शिंगांसारखं, रुंदीला बेताचं; त्याच्या मुठी स्वतःहून चालत आपल्याकडे येतात. खाली दोन ठोकळे घालून ते किंचित उचललं आहे, पण छातीच्या खूप खाली. कोपरं बरगड्यांना टेकतात, खांद्यांना काही कामच उरत नाही. प्रोफेसरने नाक मुरडलं. म्हणाला, हे म्हाताऱ्यांचं हँडल आहे. मी त्याला तिथेच उभं केलं आणि सरासरी माणसावरचं ते सगळं भाषण (या पत्राच्या सुरुवातीचं) हातवाऱ्यांसकट ऐकवलं. समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. शेवटी तो म्हणाला, 'बरोबर आहे तुमचं, पण पाना द्या आता, माझ्या पायावर उभे आहात.' दुसऱ्या हँडलपायी आखूड घातलेल्या केबली पुन्हा बदलल्या. पहिल्या हँडलच्या लांबच लांब केबली त्याने बाहेर खिळ्याला टांगून ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, ही गाडी कुठवर जाणारी होती?

मी बसून बघितलं. मला मुळीच होत नाही. माझं पोट मध्ये येतं आणि कोपरं दाराच्या बिजागऱ्यांसारखी बाहेर निघतात. जॅकेटला मात्र अगदी बसलं. उश्यांचा माणूस एवढ्या आरामात बसलेला मी प्रथमच पाहिला.

आता खरी अडचण. दातांचे डॉक्टर परवा आले. बसले. हात पुढे केले, आणि भाऊजी, त्यांचे हात बरोबर मुठींवर पडले! तेही आपल्यातलेच, आखूड. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांनाही ते धुकं दिसतंय, हे मला दिसत होतं. मग म्हणाले, 'हेच. सोमवारी येतो, घेऊन जातो.' माणूस चांगला आहे, भाव वाजवी देतोय, गाडीला जपेल. ज्याला प्रत्येक प्रश्नावर भूमिका असते, तो मी, एवढंच म्हणालो, 'बघू.' तुमची गाडी आहे, तुमचा शब्द. तुम्ही हो म्हणालात तर सोमवारी ती जाईल आणि मी फाटकापर्यंत पोचवून येईन. पण ती तुमच्या मापाची झालेली असताना, तुम्ही तिच्यावर एकदाही न बसता गेली, तर हा अन्याय त्या कारखान्यातल्या चार जणांनी केलेला नसेल. आपण केलेला असेल.

ताईला आणि तुमच्या डाव्या भांगाला नमस्कार.

तुमचाच,
भोंगा

ता.क. गाडी सध्या कुणालाच चालवता येणार नाही, दातांच्या डॉक्टरांनाही नाही. हँडल धरून ठेवणारे चार बोल्ट मी ढिले ठेवायला लावले आहेत. शेवटचा कोन बसणाऱ्याने स्वतः ठरवायचा असतो, असं प्रोफेसर म्हणतो, आणि या एका बाबतीत मी त्याच्याशी सहमत आहे. (त्याला सांगू नका.)

ता.ता.क. ताईला यातलं काही कळू देऊ नका. तिला गाडीचं नाव काढलेलं आवडत नाही.

ता.ता.ता.क. वरचं खोडतो. आमच्या हिने आत्ता खांद्यावरून वाचलं आणि हसली. जॅकेटची चेन मुळात तुटलेलीच नव्हती. ताईने ते पाठवलं तेव्हा उजव्या बाहीवर खडूने एक बारीक रेघ ओढलेली होती: हात कुठपर्यंत येतो त्याची. तुम्ही झोपेत कूस बदलताना तिने बघून ठेवलं असणार. म्हणजे या सगळ्या कटात जाहीर भाषणं करणारा मी एकटाच होतो, आणि काम दोन बायकांनी न बोलता केलं.

शेवटचं. लिफाफा जड का आहे म्हणून तुम्ही मघापासून चाचपत असाल. त्यात एक वाकडी, सहा बाजूंची लोखंडी चावी आहे. ते चार बोल्ट तिनेच आवळतात, आणि प्रोफेसरकडे दुसरी नाही (दुसरी होती, ती मी दडवली आहे). सोमवारी काय करायचं ते सोमवारी बघू. भाऊजी, रविवारी सकाळी ती चावी खिशात घालून या, गाडीवर बसा, डोळे मिटा, आणि ते बोल्ट तुमच्या हाताने घट्ट आवळा.